घर सजवा जरूर, पण पावसाला विचारून

महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावर घरे सजवण्याचा धंदा सध्या तेजीत आहे. मुंबई-पुण्याची मंडळी बंगला घेतात, जुना असेल तर दुरुस्त करतात. गावातले घरमालक चार खोल्या नीटनेटक्या करून पाहुण्यांना देतात. पडदे, सोफ्याचे कापड, गालिचे, चादरी, उशा या मालाची मागणी फिरत फिरत आमच्यासारख्या कापडवाल्यांपर्यंत येते आणि तिच्याबरोबर एक शब्द हमखास येतो: 'इको-फ्रेंडली'. घर दिसायला देखणे हवे आणि निसर्गाला त्याची इजाही होऊ नये, असे गिऱ्हाईक म्हणते. मागणी चांगली आहे. आम्ही तिची थट्टा करणार नाही. घर सुंदर असावे ही हौस माणसाची जुनी आहे आणि त्याच हौसेवर आम्हा व्यापाऱ्यांची चूल पेटते.

पण या शब्दाच्या आडून जो माल विकला जातो आहे, तो पाहून आमच्या व्यापारी बांधवांशी आणि घर सजवणाऱ्या वाचकांशी चार गोष्टी स्पष्ट बोलणे आम्हाला जरूर वाटते.

पहिली गोष्ट. महाबळेश्वरात घर सजवायचे तर सल्ला आधी पावसाचा घ्यावा, सजावटकाराचा मागाहून. येथे वर्षाला सरासरी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. २०२१ च्या जुलैत तर एका दिवस-रात्रीत ५९४ मिलिमीटर पाणी कोसळले. आमच्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात अख्ख्या वर्षाचा पाऊस जेमतेम तेवढा! पावसाळ्यात ढग दारातून आत येतात आणि खिडकीतून बाहेर जातात. आठवडेच्या आठवडे ऊन दिसत नाही. कपाटातल्या जोड्यांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, भिंतीला बुरशी. अशा जागी मुंबईच्या शोरूममधला माल जसाच्या तसा आणून ठेवला तर त्याचे काय होते, ते सप्टेंबरात जाऊन पाहावे.

आमच्या माहितीतल्या एका घरमालकाने खोल्या नव्याने सजवल्या. पलंग आणि कपाटे दाबलेल्या भुशाच्या पाट्यांची, म्हणजे ज्याला बाजारात एमडीएफ म्हणतात त्याची. भिंतीला चकचकीत प्लॅस्टिक पेंट, त्यावर एका बाजूला कागदी वॉलपेपर, खिडक्यांना पॉलिएस्टरचे मखमली पडदे. उन्हाळ्यात फोटो झकास आले. दोन पावसाळ्यांनंतर पाट्या पोळीसारख्या फुगल्या, रंगाला फोड आले, कागद सुटला आणि मखमलीच्या अस्तराला असा वास मारू लागला की पाहुणे खिडकी उघडून बसत. सगळा माल ट्रॅक्टरमध्ये भरून डोंगराखाली गेला. यात निसर्गाचे काय भले झाले? ज्या जिनसा पंधरा वर्षे टिकायच्या त्या दोन वर्षांत कचरा झाल्या.

कारण समजून घेतले पाहिजे. एमडीएफ आणि हलक्या प्लायवूडमधला डिंक बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. दमट हवेत तो सैल होतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू जास्त सुटतो. हा वायू माणसात कर्करोग करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिलेला आहे. खोलीत नव्या फर्निचरचा जो 'नवा वास' येतो म्हणून आपण खूश होतो, त्यात या वायूचाही वाटा असतो. भिंतीचे दुखणे वेगळे आहे. महाबळेश्वरची जुनी घरे जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि हवा मिळाली की सोडतो. त्याला चुन्याचा गिलावा केला तर भिंत श्वास घेते. सिमेंट थापून वर प्लॅस्टिक पेंट चढवला की आत गेलेले पाणी आतच कोंडते आणि रंगाला ढकलून बाहेर येते. चुना मुळात तिखट क्षारयुक्त, ताज्या चुन्यावर बुरशी धरत नाही. दरवर्षी दिवाळीपूर्वी हात फिरवला की काम झाले. खर्च किती? वॉलपेपरच्या एका भिंतीत सबंध घराला चुना लागावा.

सर जॉन माल्कम या मुंबईच्या गव्हर्नराने १८२८-२९ च्या सुमारास येथे वसाहत उभी केली, म्हणून बाजारपेठेला माल्कम पेठ नाव पडले. साहेब लोक हौशी होते, पण पावसापुढे त्यांचेही काही चालले नाही. बंगल्यांना उंच जोती, उतरती छपरे, रुंद व्हरांडे ठेवावे लागले. पावसाळा तोंडावर आला की भिंतींना बाहेरून लांब वाळक्या गवताच्या ताट्या बांधत. झड अडायची ती गवताने. पावसाळा संपला की ताट्या उतरायच्या. आज त्याच भिंतींना निळा प्लॅस्टिक कागद गुंडाळलेला दिसतो, आणि ऑक्टोबरात त्याच्या चिंध्या झाडांवर लटकतात. ताटी बांधणाऱ्या माणसाची मजुरी वाचली खरी.

केंद्र सरकारने १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. झाड तोडायला परवानगी लागते, बांधकामावर निर्बंध आहेत. व्यापारी मंडळी या नियमांवर खूप कुरकुर करतात, पण हा डोंगर उघडा पडला तर पर्यटक काय आमचे पडदे बघायला येणार आहेत? असो. मुद्दा हा की हा कायदा घराच्या उंबऱ्यापाशी थांबतो. अंगणातले जांभळीचे झाड सरकार सांभाळते. दिवाणखान्यात काय आणायचे ते घरमालक ठरवतो आणि काय विकायचे ते आम्ही. म्हणून जबाबदारी इथे आपली सुरू होते.

आता आमच्या धंद्याकडे येऊ, कारण दुसऱ्याच्या दुकानात डोकावण्यापेक्षा आपल्या दुकानातला माल उलगडून दाखवणे बरे.

कापडात 'निसर्गस्नेही' हा शब्द आज सर्वांत स्वस्त झाला आहे. 'बांबूचे कापड' घ्या. चादरी आणि टॉवेल या नावाने दीडपट-दुप्पट भावाने जातात. गिऱ्हाइकाला वाटते, बांबू सोलून त्याचे सूत काढले. प्रत्यक्षात बहुतेक माल व्हिस्कोस रेयॉन असतो. लगदा बांबूचा, पण तो विरघळवून धागा करायला कार्बन डायसल्फाइडसारखे विषारी रसायन लागते. धागा तयार झाल्यावर तो बांबूचा होता की निलगिरीचा, हे सांगणे कठीण. अमेरिकेत याच कारणावरून २०२२ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉलमार्ट आणि कोल्स या दोन बड्या दुकानदार कंपन्यांवर कारवाई केली आणि दोघांना मिळून ५५ लाख डॉलर दंड भरायला लावला. रेयॉन वाईट कापड आहे असे आम्ही म्हणत नाही. रेयॉनला रेयॉन म्हणून विका, एवढेच.

रंगाची कथा अशीच. १९९४ साली जर्मनीने काही अॅझो रंगांच्या मालाला बंदी घातली तेव्हा आमच्या निर्यातदारांची धावपळ उडाली होती. १९९७ मध्ये भारत सरकारनेही असे सत्तर रंग बंद केले. म्हणजे कायदा आहे. पण रंगाचे पाणी जाते कुठे? कृष्णा महाबळेश्वरात उगम पावते. साताऱ्याहून, सांगलीवरून वाहत ती नृसिंहवाडीला पोचते आणि तिथे तिला पंचगंगा मिळते. त्या पंचगंगेच्या काठाला इचलकरंजी आहे. तिथल्या कापड प्रक्रियेच्या सांडपाण्याबद्दल किती वर्षे ओरड चालू आहे, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. इचलकरंजी, विटा, मालेगाव, भिवंडी येथल्या मागांवर आपल्या हजारो भावांचे पोट आहे, म्हणून आम्ही हे दुखऱ्या मनाने लिहितो. कृष्णेच्या उगमापाशी 'इको-फ्रेंडली' पडदा लावायचा आणि त्याच पडद्याचा रंग खाली कृष्णेत सोडायचा, हा हिशेब कोणत्या वहीत बसतो?

कापड ओळखायला फार विद्या लागत नाही. कडेचे चार धागे उपटावेत आणि काडीने पेटवावेत. सूत असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडता येते. लोकर असेल तर केस जळल्याचा वास. पॉलिएस्टर वितळते, आक्रसते आणि टोकाला टणक मणी होतो. मिश्र कापडात राखेत मणी सापडतात. दुकानदाराने तोंड वाकडे केले तर दुकान बदलावे. रेयॉनसुद्धा सुतासारखेच जळते, तेव्हा ही परीक्षा काही शेवटची नाही, पण प्लॅस्टिक आणि सूत यांतला फरक ती पाच सेकंदांत दाखवते.

मग महाबळेश्वरच्या घरात घालावे काय? इथे आम्ही आमच्या मनातली गोष्ट सांगतो. ती म्हणजे घोंगडी.

हसू नका. धनगराच्या खांद्यावरची तीच घोंगडी. माण-खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी मुलखात दख्खनी मेंढी पाळतात. वर्षातून दोनदा कातरणी होते. लोकर काळी, पांढरी, करडी, तपकिरी अशी निसर्गतःच रंगीत असते, रंगवावी लागत नाही. म्हणजे नदीत सोडायला रंगाचे पाणीच नाही. ताण्याला खळ लावतात ती चिंचोक्याची. माग हाताचा, विजेचे बिल शून्य. आणि गुण असा की लोकर आपल्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. महाबळेश्वरच्या जुलैला याहून योग्य कापड आम्हाला तरी ठाऊक नाही. भिंतीवर टांगली तर खोली उबदार, जमिनीवर अंथरली तर गालिचा, सोफ्याच्या पाठीवर टाकली तर असे काळे-करडे पट्टे दिसतात की परदेशी मासिकातल्या खोलीने मान खाली घालावी.

दोषही सांगतो, नाहीतर आमच्यात आणि बांबूवाल्यात फरक काय? घोंगडी टोचते. अंगाशी येते तिथे सुती अस्तर लावावे लागते. वापरात नसेल आणि ऊन दाखवले नाही तर कसर लागते. पहिल्या पावसाळ्यात मेंढराचा वास येतो, तो काहींना चालत नाही. पण ती दहा-पंधरा वर्षे सहज जाते आणि संपली की मातीत कुजते.

या धंद्याची आज दैना अशी आहे की कातरलेल्या लोकरीला उठाव नाही म्हणून मेंढपाळ ती टाकून देतात. मेंढी आता मटणासाठी पाळली जाते, लोकर हे ओझे झाले आहे. विणणाऱ्या सनगरांची पोरे शहरात हमाली करतात. आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, डोंगराच्या वर, लोक 'नैसर्गिक गालिचा' म्हणून बाहेरच्या मुलखातला माल मागवतात. एकाच जिल्ह्यात एकीकडे लोकर उकिरड्यावर आणि दुसरीकडे लोकरीची मागणी! मधला दुवा कोण? व्यापारी. तो जागेवर नाही, म्हणून दोन्ही टोके उपाशी आहेत. साताऱ्या-सांगलीच्या आमच्या तरुण दुकानदारांनी म्हसवड-आटपाडीकडे एक फेरी मारावी. खोलीच्या मापाची, अस्तर लावलेली, कडा शिवलेली घोंगडी करून घ्यावी. विणकराला आगाऊ पैसे द्यावेत, कारण सुतासाठी त्याच्याकडे भांडवल नसते. यात बरकत आहे, असे आमचा तीस वर्षांचा अनुभव सांगतो.

दुसरी गोष्ट गादीची. पिंजारी, नदाफ, मन्सुरी ही आपलीच मंडळी. गावोगाव धनुकली घेऊन फिरत. कापूस पिंजत, गादी भरत. फोम आला आणि त्यांची दुकाने एकेक करून बंद झाली. फोम म्हणजे पेट्रोलियमपासून केलेले पॉलियुरेथेन. बसका झाला की फेकायचा. तो कुजत नाही. कापसाची गादी बसली की उसवायची, कापूस पिंजायचा, थोडा नवा घालायचा, पुन्हा भरायची. वस्तू एक, आयुष्ये चार. 'पुनर्वापर' हा शब्द आज परिसंवादात ऐकू येतो. नदाफाच्या घरात तो पिढ्यान्‌पिढ्या चालू होता.

मात्र महाबळेश्वरात कापसाची गादी बारा महिने अंथरून ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. कापूस ओल धरतो. पलंगाला फळ्यांची पट्टी हवी, खालून हवा खेळली पाहिजे, मध्ये काथ्याचा थर असावा. जूनपूर्वी कडक ऊन देऊन जादा गाद्या बंद पेटीत घालाव्यात. उशांना शेवरीचा कापूस उत्तम, तो सहजी पाणी धरत नाही. वाकळ हा तर आणखी सोपा मार्ग. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून आमच्या भागातल्या बाया जी वाकळ शिवतात, तीच शहरातल्या दुकानात काचेआड ठेवली की तिचे भाव पाहून डोळे फिरतात. शिवणारीच्या हातात त्यातले किती येते, हा प्रश्न खरेदी करताना विचारायला हरकत नाही.

लाकडाबद्दल थोडक्यात. नवे लाकूड कापण्यापेक्षा जुने सागवान केव्हाही चांगले, आणि ते मुंबईच्या चोर बाजारात, साताऱ्या-पुण्याच्या जुन्या सामानवाल्यांकडे मिळते. पण सध्या एक नवे फॅड आहे: वाड्याचे खांब, वाड्याचा दरवाजा, वाड्याचे तुळईचे नक्षीकाम बंगल्यात आणून लावायचे. पडलेल्या वाड्याचे लाकूड वापरात आले तर आनंदच. परंतु भाव एवढा चढला की उभा वाडा मोडणे फायद्याचे ठरू लागते, आणि वाई-मेणवलीकडचे वारस कुटुंब विचार करू लागते. तेव्हा खांब कोणत्या घराचा, घर पडले होते की पाडले, हे विचारून घ्यावे. उत्तर मिळाले नाही तर साधा बाकच बरा.

लाकडाला चकाकी आणण्यासाठी मेण आणि जवसाचे तेल पुरते. मेणासाठी दूर जायला नको. महाबळेश्वरात मध संचालनालय आहे, आणि तालुक्यातले मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. मध सगळे विकत घेतात, मेणाचे कोणी विचारत नाही. तेलाची चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, जवसाचे तेल आपोआप तापून पेट घेते; पॉलिशवाल्या पोरांना हे बजावून सांगावे. बांबूचे सामान घ्यायचे तर बोरॅक्सच्या पाण्यात मुरवलेला बांबू मागावा, नाहीतर भुंगा वर्षभरात पीठ करतो.

पैशाचा हिशेब लोक चुकीच्या टोकाकडून करतात. समजा पॉलिएस्टरचा पडदा हजाराला पडला आणि दर दोन पावसाळ्यांनी बदलावा लागला. जाड सुती पडदा, सोलापूर-इचलकरंजीचा, दोन हजारांना पडला आणि सहा वर्षे गेला. सहा वर्षांत पहिला तीन हजारांना पडतो आणि तीनदा कचरा करतो. धुलाईचे, बसवण्याचे पैसे आम्ही धरलेच नाहीत. गिऱ्हाईक हे गणित सांगितले तर समजते. अडचण अशी की ते सांगण्यात दुकानदाराची दोन विक्री बुडतात. तरी आमचे म्हणणे आहे की सांगावे. दोन विक्री बुडतील, पण ते गिऱ्हाईक शेजाऱ्याला घेऊन येईल. डोंगरावर बंगले मोजके आहेत आणि तोंडी बातमी जाहिरातीपेक्षा लवकर चढते.

सरकारने १९९१ साली 'इकोमार्क' काढला, मडक्याचे चिन्ह असलेला. कापड त्याच्या यादीत होते. किती वाचकांनी ते मडके कापडाच्या गठ्ठ्यावर पाहिले आहे? २०२४ साली त्याचे नवे नियम आले आहेत, बघू या. शिक्क्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. कापडात कोणता धागा किती टक्के आहे हे मालावर छापण्याचा नियम १९८८ पासूनच आहे. तेच बिलावर उतरवून द्यावे: सूत इतके, पॉलिएस्टर इतके, रंगवलेले की बिनरंगी, माग हाताचा की विजेचा. एक ओळ लिहायला शाई किती लागते?

पडद्याची मापे घेऊन येणाऱ्यांना एक विनंती. लांबी-रुंदीबरोबर खिडकी कोणत्या दिशेला आहे, तेही लिहून आणावे. पूर्वेच्या आणि उत्तरेच्या खिडक्यांना हवे ते कापड देऊ. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या खिडक्यांचे पडदे मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवून घडी घालून ठेवावेत. तिथे चार महिने बाहेरून गवताची ताटीच लागते. बांधणारी माणसे तालुक्यात अजून आहेत आणि एप्रिलमध्ये सांगितले तर मिळतात.